कोऱ्या सरबतातला लाल रंग

नाही, तुम्ही प्या हो निवांत, पण तो ग्लास असा उन्हाकडे धरून, एक डोळा बारीक करून काय बघताय? मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? 'एवढं लाल कसं?' हेच ना? अहो, रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, सरबत आहे ते, लालच असणार, हिरवं निघालं तर मला येऊन सांगा! एकदाच सांगतो, पुन्हा विचारायचं नाही... रंग मी घातलेला नाही!

तुमचा राग नाही हो. तुम्ही पाव्हणे, आज शिरोड्याला आलात, उद्या समुद्र बघून परत जाल, तुम्ही संशय घेतलात तर घेतलात. पण हाच प्रश्न मला माझ्या पोटच्या पोरीने विचारला! फोनवरून, मुंबईहून! "बाबा, खरा सांगा, तुमी सरबतात रंग घातलात?" मला? सत्यवानाला? अहो, एकतीस वर्षं मी एस.टी.त कंट्रोलर होतो. स्टँडवर ती खिडकी असते ना, आणि आत एक माणूस भोंग्यातून ओरडत असतो, तो माणूस मी. लोक लग्नाचे आहेर घेऊन उभे असायचे आणि मी भोंग्यातून सांगायचो, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, सव्वादहाची गाडी आज येणार नाही." दुसरा कंट्रोलर सांगायचा, "येतेय, येतेय, पुलावर आलीय." लोक त्याला चहा पाजायचे आणि मला शिव्या घालायचे. पण खोटं कधी बोललो नाही. आणि असा माणूस घरच्या सरबतात रंग घालील?

तुम्हाला सांगतो, ही गोष्ट दोन हजार सहाच्या मे महिन्यातली, पण सुरुवात त्याच्या आदल्या मेपासून करावी लागेल. बसा, गाडीला वेळ आहे.

आमची संचिता. एकुलती एक. रसायनशास्त्र शिकली आणि मुंबईला संशोधन करायला लागली. आता कशावर संशोधन, ते गावात कुणाला सांगायचं कसं? मी लोकांना सांगायचो, "ती पूड करते." झालं! "मसाल्याची काय रे?" "दात घासूची?" एकाने तर विचारलं, "उंदराक घालूची आसात तर माका पाव किलो हाडून दी!" मी गप्प बसायला लागलो.

तर त्या मे महिन्यात ती सुट्टीला आली होती, आणि ह्याच लोट्यावर, ह्याच ओसरीवर हो, तो खांब आहे ना, तिथे माझी बायको सुभद्रा फणस फोडत बसली होती. हाताला खोबरेल तेल, समोर अडुळसा... नाही, अडुळसा नाही, केळीचं पान, त्याच्यावर गरे. ती कायम त्याच खांबाला टेकून बसायची. आणि मी इथे, ह्या खुर्चीत, पेपर घेऊन. मी म्हटलं, "संचिता, ती तुझी पूड एकदा नीट सांग बघू मला."

ती म्हणाली, "बाबा, एक लाल रंग आसा. स्वस्तातलो, कापडां रंगवूचो. पोटात जाता नये. पण काय लोक तो सरबतात घालतत, भडक दिसता म्हणान." मी म्हटलं, "ओतून द्यायचं तसलं सरबत." "पण कळतला कसा? कोकम सरबत पयलाच लाल! लालात लाल लपान बसलो तर खंय शोधतलास?" खरंच की. मग तिने सांगितलं, की ती प्लास्टिकसारखी एक बारीक पूड बनवते. पूड बनतानाच तिच्यात तो लाल रंग मिसळायचा. त्या रंगाच्या कणाकणाभोवती ते प्लास्टिक घट्ट बसतं. मग रंग धुवून काढायचा. धुवायचा, धुवायचा, धुवायचा, आठ-आठ दिवस धुवायचा, रंगाचा टिपूस राहता नये...

मी म्हटलं, "थांब! जर धुवून काढायचाच होता तर घातला कशाला?"

पोर उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच तिकडून फणसातून मान वर न करता सुभद्रा म्हणाली, "अवो, काय ता विचारतास? गऱ्यातसून आठळी काढली काय थंय खोबण ऱ्हवता मा? त्या खोबणीत तीच आठळी बसतली. आंब्याची बाट घालून बघा बसता काय!"

संचिता टाळ्या वाजवत उठली! "आई! ह्याच! ह्याच तर आसा! सरांका ह्या सांगूक अर्धो तास लागता गो!" म्हणजे बघा, ती पूड सरबतात टाकली, की रातांब्याचा लाल निसटून जातो, साखर निसटते, मीठ निसटतं, आणि तो भेसळीचा रंग, तो चोर, आत असला तर तो आपल्या खोबणीत जाऊन बसतो. सापडला! सातवी शिकलेल्या माझ्या बायकोला फणस फोडता फोडता कळलं, आणि मी एकतीस वर्षं सरकारी भोंग्यातून बोलून...

जाऊ दे. तर संचिता म्हणाली, "आई, फुडच्या मे म्हयन्यात माका तुझ्या हातचा सरबत व्हया. कोरा. रंग नाय, इसेन्स नाय, कायच नाय. त्या कोऱ्या सरबतार माझी सगळी परीक्षा आसा. कोऱ्यात पुडीक कायच गावता नये, आणि त्यातच मी मोजून रंग घातलंय काय बरोब्बर तितकोच गावाक होयो." सुभद्राने तेलकट हात पानाला पुसला आणि म्हणाली, "दितंय गो. बरणी भरून दितंय."

आणि कार्तिकात ती गेली.

आजारी नाही, काही नाही. सकाळी गॅसवर चहा ठेवला, खांबाला टेकून बसली, आणि चहा उकळायच्या आत गेली. मी आत जाऊन गॅस बंद केला. तेवढंच मला करता आलं.

प्या तुम्ही, प्या. थांबलात कशाला?

तर मे महिना आला. रातांब्याचं झाड लाल झालं, त्याला कोण काय सांगणार? संचिताचा फोन आला, पण सरबताचं ती बोलेना. मीच म्हटलं, "आईन कबूल केलेला, तर सरबत येतला." ती म्हणाली, "बाबा, तुमका जमतला?" मी म्हटलं, "बत्तीस मे महिने बघितलंय मी!" आता बघितलंय म्हणजे काय, पेपर वाचला. पेपराच्या पलीकडे ती रातांबे फोडायची आणि पेपराच्या अलीकडे मी असायचो. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, तर बरणी कुठली, लोणच्याची कुठली, सरबताची कुठली, इथपासून सुरुवात!

गेलो कुंपणापाशी. कुंपणापलीकडे आमची मथुरावैनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. तशी ती कुंपणापलीकडे राहते, पण ते कुंपण तिने कधी मानलं नाही. नेमकी त्याच दिवशी ती मिठबावला निघालेली, लेकीच्या बाळंतपणाला. एक पाय रिक्षात, एक बाहेर, आणि मला सांगतेय, "भावजीनू, रातांबे धुवान पुसून घेवा, पाण्याचो थेंब ऱ्हवता नये! बियो काढा! सालात साखर भरा, दाबून भरा! बरणयेत एकार एक लावा! तोंडाक फडक्या बांधा! आठ दिस उन्हात! रोज हलवा!" रिक्षा निघाली तरी तिकडून ओरडतेय, "हाताक मीठ लावू नकात!" हे मीठ हाताला कशाला लावू नका ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण मी लावलं नाही.

आणि केलं सगळं. तुम्हाला सांगतो, देवाची पूजा करावी तसं केलं. एकेक रातांबा पुसला. बिया काढताना हाताची नखं जांभळी झाली, महिनाभर जाईनात. साखर भरली, थर लावले. बरणी उन्हात ठेवायची तर तोंडाला फडकं पाहिजे. फडकं कुठाय? ती कसलंतरी पांढरं बांधायची, माझ्या जुन्या धोतराचं. पण ते कुठे ठेवायची? अहो, सगळी कपाटं उपसली! मग शेवटी तिची ट्रंक उघडली.

कार्तिकापासून उघडली नव्हती.

आत सगळं तिच्या हाताने लावलेलं, तसंच. आणि सगळ्यात वर एक ब्लाऊजपीस, लालभडक, कोरा, चौकोनी घडी. तुम्हाला माहीत आहे ना आमच्याकडची ओटी? बाई घरी आली की तिच्या ओटीत तांदूळ, नारळ आणि पीस घालायचा. तसा तो तिला शेवटचा आलेला. घडी उघडली तर आत ओटीचे तांदूळ तसेच, सहा-सात दाणे. मी ते दाणे वेचून डबीत ठेवले. आणि मला वाटलं... आता हसाल तुम्ही... मला वाटलं, पोरीला आईच्या हातचं सरबत कबूल केलेलं आहे. हात काही आता मिळायचा नाही. निदान बरणीला तिचं फडकं तरी असू दे.

बांधला तो पीस. आठ दिवस बरणी उन्हात. रोज हलवायची म्हणजे कशी? ती बरणीच्या तोंडावर ताट धरून काहीतरी करायची, पण ताट कशाला, फडकं आहे की! मी आपली बरणी उराशी धरायची, आडवी करायची, लहान पोराला झोपवतात तशी हलवायची, आणि परत उन्हात. आणि काय सरबत सुटलं हो! काय रंग! असं लाल मी बत्तीस वर्षांत बघितलं नव्हतं. मला तर भीती वाटली, की सुभद्रा वरून म्हणेल, "माझ्यापेक्षा बरा जमला तुमका!" बाटल्यांत भरलं, मुंबईच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिलं, माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा तो, बाटली उजेडाला धरून म्हणतो, "काका, काय कलर इलो हा!" आणि मी, शहाणा, छाती फुगवून म्हणतो, "घरचा आसा!"

दहा दिवसांनी फोन. "बाबा, खरा सांगा, तुमी सरबतात रंग घातलात?"

रंग मी घातलेला नाही! असा ओरडलो की कुंपणावरचे कावळे उडाले. म्हटलं, बत्तीस वर्षांत ह्या घरात रातांब्याचं साधं आगळ, नुसता रस, विकत आणला नाही, रंग आणीन? तुझ्या आईच्या बरणीत? आणि फोन आपटला. आपटला आणि मग वाटलं, पोर इतक्या लांबून, एकटी... आपणच परत लावला. तिकडे ती नुसती नाक ओढतेय.

म्हणाली, "बाबा, तुमी नाय घातलात ह्या माका म्हायत आसा. म्हणानच तर रडतंय."

हे काय गणित? मला कळेना. मग तिने सांगितलं. पुडीला कोऱ्या सरबतात लाल रंग सापडला. आता दोनच गोष्टी होतात. एक तर बाबांनी रंग घातला. नाहीतर पुडीच्या खोबणी चुकल्या, रातांब्याच्या लालालाच ती चोर म्हणून पकडतेय, म्हणजे पूड खोटी, म्हणजे तीन वर्षं पाण्यात. तिच्या सरांनी तर सांगून टाकलं होतं. तिने सरांचा आवाज काढला, बारीक, नाकातला, "संचिता, वडील खोटं बोलत नसतील, तर तुझी पूड खोटं बोलते आहे. पहिल्यापासून सुरू कर." पहिल्यापासून! तीन वर्षं पोर रात्रंदिवस काय धुवत होती ते मला माहीत!

फोन ठेवला. इथे येऊन बसलो. तुम्हाला सांगतो, माणसाचा खरेपणा माणसाला असा गोत्यात आणील असं कधी वाटलं नव्हतं. मी खरा तर पोरगी खोटी. पोरगी खरी तर मी खोटा. दोघं एकदम खरे होणारच नाहीत, एका पुलावरून समोरासमोर दोन एस.ट्या, एकीला मागे घ्यावीच लागणार. मग कुठली घ्यायची? रिटायर झालेली घ्यायची, त्यात विचार कसला?

संध्याकाळी फोन लावला. म्हटलं, "संचिता, ऐक. रंग मीच घातलंय."

पोरीने लगेच विचारलं,

"खयचो रंग?"

"लाल."

"तो म्हायत आसा. खंयसून हाडलात?"

"बाजारातून."

"खयच्या दुकानातसून?"

आता दुकानाचं नाव घ्यावं तर उगाच त्या बिचाऱ्याच्या नावाला बट्टा! म्हणून म्हटलं, "दुकान बंद होता."

"बंद दुकानातसून हाडलात?"

"म्हणजे आणल्यावर बंद झाला."

"किती घातलात?"

"चिमूटभर..." तिचा आवाज बदलला असं वाटलं, म्हणून वाढवलं, "दोन चमचे. मोठे."

आणि पोरगी हसायला लागली! हसतेय, हसतेय, थांबेना! "बाबा, दोन चमच्यांत शिरोड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्र लाल होतलो!" आणि हसता हसता परत रडायला लागली. म्हणाली, "आई म्हणा होती, तुझ्या बाबांका खोटा बोलूक लावशीत तर ताप येतलो तेंका." आणि खरंच हो, अंगात कणकण होती मला त्या दिवशी!

दोन दिवसांनी गाडीतून उतरली. खांद्यावर पिशवी, पिशवीत कापसात गुंडाळलेल्या दोन बाटल्या आणि एक दिवा, जांभळ्या उजेडाचा, बँकेत खोटी नोट बघायला असतो तसला. "सर सांगतत पूड खोटी. मी सांगतंय बाबा खोटे नाय आणि पूडय खोटी नाय. तो रंग खंयसून तरी इलेलो आसा, आणि तो मी शोधून काढतलंय." चहासुद्धा घेतला नाही!

मग काय चौकशी! अहो, पोलीस पंचनामा बरा! विहिरीचं पाणी. साखर. रातांबे झाडावरचे, रातांबे खाली पडलेले. घासून ठेवलेल्या बरणीचं धुवण. माझी जांभळी नखंसुद्धा खरवडून घेतली! आणि प्रत्येक वेळी काय, तर त्या पुडीतून ते पाणी गाळायचं, आणि पूड चमकते का ते जांभळ्या दिव्यात बघायचं. दिव्याला अंधार पाहिजे. भर मे महिन्यात, भर दुपारी अंधार आणायचा कुठून? तर गोधडी! आम्ही दोघं बापलेक ह्या लोट्यावर, डोक्यावरून गोधडी, आत दिवा, घामाच्या धारा, आणि बाहेरून जाणारे येणारे विचारतायत, "सत्यवाना, बरा आसा मा रे?"

गोधडीत बसल्या बसल्या मी विचारलं, "बाटल्या दोन कशाला गो?"

म्हणाली, "ही खरी पूड, हिका रंगाची आठवण आसा. आणि ही दुसरी तशीच केलेली, सगळा तेच्च घालून, फक्त रंग न घालता. हिची त्या रंगाशी कधी गाठच पडाक नाय. हिका कायच आठवणा नाय. दोनय घेवन ताडून बघूचा लागता."

मी म्हटलं, "कायच आठवणा नाय?"

"नाय."

"मग त्यातली चमचाभर माका दी."

मी आपला गमतीने बोललो हो. पण ती हसली नाही. गोधडीच्या आत, त्या जांभळ्या उजेडात, तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, तिचो कायच उपयोग नसता. तिच्यात कोणय येवन बसता आणि कोणय निघान जाता."

तुम्हाला सांगतो, तो खांब बघताय ना, तिथली जागा सहा महिने रिकामी होती. लोकांना वाटायचं भरून टाकावी. संचिताने साठवलेल्या पगारातून... पगार कसला, ते विद्यावेतन... फ्रीज घेतला, तो तिथे ठेवून बघितला. दार उघडेना. शिलाई मशीन ठेवलं, येता-जाता पायात यायला लागलं. मी स्वतः बसून बघितलं एकदा. पाठच टेकेना. बत्तीस वर्षं एक बाई एका जागी बसली, तर तिथे दुसरं काही बसत नाही, हे सांगायला मला पूड लागत नाही. पण त्या दिवशी गोधडीत मला पहिल्यांदा कळलं, की पोरीलाही ते माहीत आहे. मला वाटत होतं मी एकटाच त्या खांबाकडे बघत बसतो.

तर सगळं कोरं निघालं. पाणी कोरं, साखर कोरी, रातांबे कोरे. म्हणजे? म्हणजे पूड रातांब्याला पकडत नव्हती! पूड खरी! पण मग बाटलीतल्या सरबतात रंग आला कुठून? फिरून माझ्याकडेच! तिने माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. आणि मी गोधडीतूनच ओरडलो, "रंग मी घातलेला नाही!"

आणि नेमका तेव्हाच बाहेरून आवाज आला, "अगे बाय माझे! ह्या काय चल्लाहा हय?"

मथुरावैनी! मिठबावहून बाळंतपण आटपून आली, आणि बघते तर काय, दीर आणि पुतणी भर उन्हात गोधडी पांघरून भांडतायत! आणि तेवढ्यात तिची नजर अंगणात गेली. अंगणात दुसरी बरणी उन्हात होती, घरच्यासाठी नुकतीच घातलेली, म्हणून ती तपासायची राहूनच गेलेली. तोंडाला तोच पीस. वैनीने हातातली पिशवीच टाकली!

"भावजीनू! ह्या काय बांधलात? ह्यो पीस? ह्यो?"

मी म्हटलं, "सुभद्राच्या ट्रंकेतला आहे. तूच दिलेलास तिला."

"मीच दिलंय! पण बांधूक न्हय! ह्यो पीस माका देवळातल्या ओटयेत गावलेलो, मी तो शेजारच्या सुगंधाक दिलंय, सुगंधान तेच वर्षी माकाच परत दिल्यान, मगे मी तो सुभद्राक दिलंय! धा वर्षां फिरता हा ह्यो पीस गावात! रंग जाता तेचो! हात भिजको लागलो तरी जाता! आख्ख्या गावातल्या बायकांका म्हायत आसा, म्हणान तर कोण शिवणा नाय!"

"मग ओटीत घालतेस कशाला?"

"ओटयेत घालूक! शिवूक कोण सांगता?"

आख्ख्या गावातल्या बायकांना माहीत! अख्ख्या गावातल्या एकाही पुरुषाला माहीत नाही! आणि मी शहाणा ती बरणी उराशी धरून रोज आडवी करून, रोज त्या पिसाला सरबताची आंघोळ घालतोय! ती बरणीवर ताट का धरायची ते मला त्या क्षणाला कळलं.

संचिता सावकाश अंगणात गेली, पीस सोडला, घेऊन आली. तिघंही गोधडीत शिरलो, वैनीसकट. वैनी म्हणतेय, "माका गुदमारता," पण बाहेर जायला तयार नाही. पिसाचा एक धागा पाण्यात बुडवला, पाणी पुडीतून गाळलं, दिवा लावला. आणि तुम्हाला सांगतो... पूड पेटली! म्हणजे चमकली हो! अशी गुलाबी-केशरी, निखाऱ्यासारखी, चिमूटभर पूड! बिनआठवणीची तिथेच पडलेली, आंधळी. आणि संचिताच्या मांडीवर तो पीस, तोसुद्धा आख्खा चमकतोय, सुभद्राने घातलेल्या घड्या आहेत त्यावर, त्या चार रेघा स्पष्ट दिसतायत.

वैनी हळूच म्हणाली, "सुभद्रा इली गो."

मी आजवर असलं काही मानलं नाही. पण तेव्हा मीही मान डोलावली. आम्ही तिघं घामाने निथळत बसून राहिलो आणि तिघंही रडलो, हे मी सांगायला लाजत नाही. संचिता म्हणत होती, "गावली, बाबा, गावली..." पूड म्हणत होती की आई म्हणत होती, मी विचारलं नाही.

पुढे सगळं सुरळीत. तेच सर, तोच नाकातला आवाज, "उत्तम! कुणालाच माहीत नसलेला रंग पुडीने पकडला, ह्यापेक्षा मोठा पुरावा नाही!" आता म्हणतात उत्तम! मग धोतराचं पांढरं फडकं, वर ताट, वैनी शेजारी बसून, असं दुसरं सरबत घातलं, ते कोरं निघालं. पिसाचा अर्धा तुकडा संचिताच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत आहे, अर्धा त्या ट्रंकेत. वैनी म्हणते, "तुकडो ओटयेत चलणा नाय," म्हणून गावातलं त्याचं फिरणं एकदाचं थांबलं.

दोन वर्षांनी पोरगी डॉक्टर झाली. तिचा तो जाडजूड प्रबंध घेऊन आली, मला वाचून दाखवला. पहिल्या पानावर, मध्यभागी, एकच ओळ, आईला अर्पण. बरोबर आहे, तिचाच मान. मी म्हटलं, "माझा नाव खंय आसा?" तर मागची पानं उलटली, उलटली, एक मोठा तक्ता आला. म्हणाली, "ह्या बघा." बघतो तर काय! वर मथळा, 'भेसळयुक्त नमुने'. आणि खाली, क्रमांक एक, 'घरगुती कोकम सरबत, शिरोडा. बनवणारे: वडील.'

म्हणजे बघा, पीस तिचा, रंग पिसाचा, पुस्तक तिला अर्पण, आणि भेसळीत नाव माझं! मी म्हटलं, "अगो, खाली बारीक अक्षरात तरी लिही, बाबांनी मुद्दाम घातला नाही म्हणून!" म्हणाली, "बाबा, तक्त्यात मुद्दाम-बिद्दाम असा काय नसता." बत्तीस वर्षांच्या संसारात घरात काही सांडलं, फुटलं, करपलं, की नाव माझंच यायचं. ती गेल्यावर तरी सुटेन असं वाटलं होतं. नाही सुटलो. बरंच झालं म्हणा.

तर घ्या, अजून अर्धा ग्लास घ्या. हे पांढऱ्या फडक्याचं आहे. रंग मी घातलेला नाही. पण घातला म्हणून छापून आलेलं आहे, तेव्हा तुम्ही तरी काय करणार... बघा, बघा उजेडाला धरून.